एका सर्व्हरवर पंधरा जण आणि एक जुनं सॉफ्टवेअर: बिघाड नेमका कुठे शोधायचा

व्हीबी 6, फॉक्सप्रो किंवा डेल्फी या जुन्या प्रोग्रॅमिंग साधनांत लिहिलेलं बिलिंगचं, स्टॉकचं, पगाराचं सॉफ्टवेअर अजूनही कित्येक ऑफिसांत रोज चालतं. लिहिणारा कधीच सोडून गेलेला असतो, सोर्स कोड सापडत नाही, आणि पीसी बदलत बदलत शेवटी ते विंडोज सर्व्हरवर येऊन पडतं. तिथे सगळे रिमोट डेस्कटॉपने आत येतात. पीसीवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेलं हे सॉफ्टवेअर इथे आल्यावर अडून बसतं. लिहिणाऱ्याने एक मशीन म्हणजे एक माणूस असं धरलेलं असतं, आणि तो माणूस ॲडमिनिस्ट्रेटर. सर्व्हरवर यातलं काहीच खरं नसतं.

आधी विचारा: कुणाला येतं?

एरर मेसेज वाचायच्या आधी एवढं ठरवलं तरी निम्मं काम होतं. ॲडमिनला चालतं आणि बाकी कुणालाच नाही, तर फोल्डर किंवा रजिस्ट्रीचे (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्याचे) हक्क. पहिल्याला चालतं आणि दुसरा आत आला की बंद पडतं, तर लॉक, सामायिक टेंप फोल्डर किंवा ठरावीक पोर्ट. एकट्यालाच त्रास असेल तर त्याचं प्रोफाइल: डीएसएन (डेटाबेसशी जोडणीची नोंद), तारखेचा फॉरमॅट, प्रिंटर. कालपर्यंत चालत होतं आणि आज सगळ्यांचंच अडलं, तर डिस्क, 2 जीबीला टेकलेली फाइल किंवा रात्रीत झालेलं अपडेट. आणि लॉगिनच होत नसेल तर सॉफ्टवेअरला हातच लावू नका. रिमोट डेस्कटॉपचं लायसन्स न बसवता सर्व्हर 120 दिवस चालतो, मग लोकांना दारातच अडवतो.

हे तपासायला साधे हक्क असलेलं एक रिकामं अकाउंट कायम तयार ठेवा. ॲडमिन अकाउंटवरून घेतलेली चाचणी इथे काही कामाची नाही.

हक्कांचा घोळ

तक्रार आली की युजरला ॲडमिन करून टाकायचं, हा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात वाईट उपाय. पंधरापैकी कुणीही एक जण सर्व्हर रीस्टार्ट करू शकतो, आणि त्यातल्या एकाने मेलमधली नको ती फाइल उघडली की सगळ्यांचा डेटा जातो. त्यापेक्षा सॉफ्टवेअर कुठे लिहायला बघतंय ते शोधा आणि तेवढीच जागा मोकळी करा.

सॉफ्टवेअर प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकलेलं असेल तर गंमत वेगळी. 32 बिटचा, मॅनिफेस्ट (कोणते हक्क लागतात हे विंडोजला सांगणारी नोंद) नसलेला प्रोग्रॅम तिथे लिहायला गेला की विंडोज त्याला नाही म्हणत नाही. ते गुपचूप त्या फाइलची एक प्रत युजरच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरमध्ये करतं आणि पुढे त्या युजरला तीच दाखवतं. एरर येत नाही. फक्त स्टॉकच्या माणसाने केलेली नोंद अकाउंट्सला दिसत नाही, आणि दोघेही शपथेवर सांगतात की नोंद केली होती. “डेटा गायब होतो” अशी तक्रार आली की सगळ्यात आधी प्रत्येक युजरचं व्हर्च्युअलस्टोअर उघडून बघा. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये यूएसी व्हर्च्युअलायझेशन हा कॉलम चालू केला की कुठल्या प्रोग्रॅमला हे लागू आहे तेही दिसतं.

सी ड्राइव्हच्या मुळाशी फोल्डर करून सॉफ्टवेअर टाकलं की व्हर्च्युअलस्टोअर लागत नाही, पण दुसरा फास बसतो. पीसीवरच्या विंडोजमध्ये अशा फोल्डरात कुणीही काहीही बदलू शकतं. सर्व्हरमध्ये तसं नाही. तिथे साध्या युजरला खालच्या फोल्डरात नवी फाइल करता येते, पण दुसऱ्याने केलेली फाइल फक्त वाचता येते. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसचा डेटाबेस असेल तर याचे दोन ठरलेले चेहरे आहेत. एमडीबी फाइल ॲडमिनने कॉपी केलेली असते, म्हणून ती सगळ्यांना फक्त वाचायला मिळते आणि सेव्ह करताना 3073 नंबरची एरर येते, जिच्यात क्वेरी अपडेट होण्यासारखी नाही असं लिहिलेलं असतं. क्वेरीचा काही दोष नसतो, हक्क नसतात. तेवढ्या एमडीबीला हक्क दिले की दुसरा चेहरा दिसतो: सकाळी पहिला आत आलेला माणूस एलडीबी ही लॉकची फाइल तयार करतो, ती त्याच्या मालकीची होते, आणि दुसऱ्याला डेटाबेस आधीच कुणीतरी उघडलाय असं उत्तर मिळतं. म्हणून हक्क फाइलला नाही, फोल्डरला द्यायचे.

करायचं असं. सॉफ्टवेअर सी ड्राइव्हवरून काढून डेटाच्या ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरात न्या. फोल्डरच्या प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिटमध्ये जाऊन ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या ग्रुपला मॉडिफाय हक्क द्या. फुल कंट्रोल नको. फाइली कट-पेस्ट न करता कॉपी करा, कारण एकाच ड्राइव्हवर हलवलेली फाइल जुने हक्क सोबत घेऊन येते. डेटा आणि ईएक्सई एकाच फोल्डरात असतील आणि वेगळे करता येत नसतील, तर ईएक्सई आणि डीएलएल फाइलींवर इनहेरिटन्स (वरच्या फोल्डरकडून आपोआप येणारे हक्क) तोडून फक्त रीड आणि एक्झिक्यूट ठेवा. शेवटी व्हर्च्युअलस्टोअरमधल्या जुन्या प्रती दुसरीकडे हलवा. लगेच पुसू नका, कुणाची तरी महिन्याभराची एंट्री त्यात अडकलेली असते.

इतकं करूनही अडलं तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्समधलं प्रोसेस मॉनिटर लावा. फिल्टरमध्ये प्रोसेसचं नाव आणि रिझल्टमध्ये ॲक्सेस डिनाइड टाका, सेशन आयडीचा कॉलम चालू करा, साध्या युजरला त्याच्या सेशनमध्ये चूक परत करायला सांगा आणि लगेच रेकॉर्डिंग थांबवा. फिल्टर लावलेला असला तरी मागे सगळ्यांच्या घडामोडी साठत राहतात. म्हणून गजबजलेल्या सर्व्हरवर फिल्टर मेनूतलं ड्रॉप फिल्टर्ड इव्हेंट्स चालू केल्याशिवाय हे चालू ठेवू नका. यादीत दिसलेली फाइल किंवा रजिस्ट्रीची की, तेवढ्यावरच हक्क द्या.

काही प्रोग्रॅम गरज नसताना सुरू होतानाच ॲडमिनचा पासवर्ड मागतात. एका बॅच फाइलमध्ये कंपॅट लेयर या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला, ज्याच्या आधी दोन अंडरस्कोर लागतात, रन ॲज इन्व्होकर ही किंमत द्या आणि पुढच्या ओळीत प्रोग्रॅम सुरू करा. विचारणं थांबतं. खरोखर हक्क लागत असतील तर मग पुढे अडेल, आणि कुठे अडतं ते वरच्या पद्धतीने सापडेल.

इन्स्टॉल करतानाची चूक

सर्व्हरवर सेटअप नुसता डबल क्लिक करून चालवला की सेटिंग्ज फक्त चालवणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये जातात. एमएसआय (विंडोज इन्स्टॉलरची) फाइल असेल तर विंडोज ते सांभाळून घेतं, जुन्या सेटअप ईएक्सईसाठी ते आपण करायचं. सगळ्यांना बाहेर काढा, ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये चेंज यूजर, स्पेस, स्लॅश इन्स्टॉल ही कमांड द्या, सेटअप चालवा. मग तिथेच प्रोग्रॅम एकदा उघडून डेटाचा पाथ, कंपनी, जे काही पहिल्यांदा विचारतो ते भरा आणि बंद करा. त्यानंतर स्लॅश एक्झिक्यूटने नेहमीच्या मोडवर या. मधला टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि मग प्रत्येक नव्या युजरला पहिल्या दिवशी रिकामी कंपनी दिसते.

आयएनआय या सेटिंग्जच्या फाइलचंही असंच. टर्मिनल सर्व्हरची (रिमोट डेस्कटॉप सर्व्हरचं जुनं नाव) जाण नसलेला प्रोग्रॅम विंडोज फोल्डर कुठे आहे असं विचारतो, तेव्हा सर्व्हर त्याला युजरच्या प्रोफाइलमधलं विंडोज नावाचं फोल्डर दाखवतो. तुम्ही सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधली आयएनआय बदलत बसता आणि फरक शून्य, कारण युजर स्वतःची प्रत वाचतोय.

ओडीबीसी आणि ओसीएक्स

प्रोग्रॅम 32 बिटचा असतो, सर्व्हर 64 बिटचा. डेटाबेसशी जोडणी ठरवणाऱ्या ओडीबीसीच्या दोन वेगळ्या खिडक्या आहेत आणि दोन्ही फाइलींचं नाव एकच: सिस्टम32 फोल्डरमधली 64 बिटची, सिसवाऊ64 मधली 32 बिटची. नावं उलटी वाटतात, पण आहेत तशीच. डीएसएन 32 बिटच्या खिडकीत आणि सिस्टम डीएसएन म्हणूनच करा. युजर डीएसएन केला तर ज्याने केला त्यालाच दिसतो. व्हीबी 6 चा रनटाइम विंडोजसोबत येतो, पण एमएसकॉमसीटीएल, एमएसफ्लेक्सग्रिड यांसारख्या ओसीएक्स फाइली (स्क्रीनवरचे ग्रिड, यादी असे तयार भाग) येत नाहीत. 339 एरर आली की त्या सिसवाऊ64 मध्ये टाकून तिथल्याच रेगएसव्हीआर32 ने रजिस्टर करा.

लॉक आणि लटकलेली सेशन

लोक लॉगऑफ करत नाहीत, वरची फुली दाबतात. सेशन डिस्कनेक्ट होतं, आत प्रोग्रॅम चालूच राहतो आणि टेबलं धरून बसतो. रात्री रीइंडेक्स चालवायला गेलं की एक्सक्लुझिव्ह ॲक्सेस मिळत नाही. क्वेरी सेशन कमांडने यादी काढा, डिस्क (म्हणजे डिस्कनेक्टेड) असं लिहिलेली सेशन ओळखा, आणि लॉगऑफच्या पुढे त्यांचा नंबर देऊन बंद करा. ग्रुप पॉलिसीत डिस्कनेक्ट झालेल्या सेशनला दोन तासांची मर्यादा आणि एका युजरला एकच सेशन हे दोन्ही लावून ठेवा. दोन तासांहून कमी लावू नका, नेट गेलं की अर्धवट बिलं मरतात.

फॉक्सप्रोमध्ये दुसऱ्या माणसाला फाइल वापरात आहे अशी एरर आली तर बहुतेक वेळा ती डेटाची नसते, फॉक्सयूजर नावाच्या रिसोर्स फाइलची असते. कॉन्फिग एफपीडब्ल्यू या सेटिंगच्या फाइलमध्ये रिसोर्स ऑफ करा आणि टेंप फाइली प्रत्येकाच्या स्वतःच्या टेंप फोल्डरकडे वळवा. डीबीएफ या फॉक्सप्रोच्या टेबल फाइलची कमाल मर्यादा 2 जीबी आहे. दीड जीबी ओलांडली की जुनी वर्षं वेगळी काढायला घ्या. डेटा ज्या सर्व्हरवर प्रोग्रॅम चालतो त्याच्याच डिस्कवर ठेवा. नेटवर्क शेअरवर ठेवला की कॅशिंगमुळे इंडेक्स बिघडतात, आणि इथे तो शेअर वापरायचं काही कारणही नसतं.

डेल्फी आणि पॅराडॉक्सच्या सॉफ्टवेअरखाली बीडीई हे बोरलँडचं डेटाबेस इंजिन असतं. त्यात नेट डीआयआर (लॉकची सामायिक फाइल ठेवायचं फोल्डर) सगळ्यांसाठी एकच हवी आणि प्रायव्हेट डिरेक्टरी प्रत्येकाची वेगळी. नेट डीआयआर मुळातच सी ड्राइव्हच्या मुळाशी असते, तिथे साध्या युजरला लिहिता येत नाही, म्हणून ती हलवणं हे पहिलं काम. प्रायव्हेट डिरेक्टरी सामायिक राहिली की डिरेक्टरी बिझी अशी एरर येते. शेअर्ड मेमरीची एरर आली तर बीडीई ॲडमिनिस्ट्रेटरमध्ये साइझ 4096 आणि लोकेशन 5बीडीई हे आकडे सहसा चालतात. आणि एक खास विक्षिप्त दोष: डिस्कवरची मोकळी जागा 4 जीबीच्या पटीच्या अगदी जवळ आली की बीडीईला जागा संपली असं वाटतं. दोनशे जीबी मोकळे असताना ही एरर येते आणि दुसऱ्या दिवशी आपोआप जाते. काही शे एमबीची एक निरर्थक फाइल डिस्कवर टाका, हिशेब सरकतो आणि काम सुरू होतं.

डॉट मॅट्रिक्सवर चलन

इझी प्रिंट हा रिमोट डेस्कटॉपचा ड्रायव्हर पानाचं चित्र करून पाठवतो. लेझरला ठीक, पण डॉट मॅट्रिक्सवर एक बिल मिनिटभर किरकिरतं आणि अक्षरं फिकी येतात. ग्रुप पॉलिसीत इझी प्रिंट आधी वापरू नये असं करा आणि सर्व्हरवर प्रिंटरचा खरा ड्रायव्हर टाका. नुसता मजकूर जात असेल तर जेनेरिक टेक्स्ट ओन्ली पुरतो. रीडायरेक्ट झालेल्या (युजरच्या पीसीवरून सेशनमध्ये आलेल्या) प्रिंटरच्या नावात सेशनचा नंबर असतो आणि तो दर लॉगिनला बदलतो, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये नाव निवडून ठेवण्याऐवजी डीफॉल्ट प्रिंटर हाच पर्याय ठेवा.

थेट एलपीटी या जुन्या प्रिंटर पोर्टवर छापणाऱ्या प्रोग्रॅमला नेट यूज ही कमांड लागते. ऑफिसमधल्या प्रत्येक पीसीवर प्रिंटर डीएमपी अशा एकाच नावाने शेअर करा. मग एकाच बॅच फाइलमध्ये एलपीटी2 ला क्लायंटनेम या व्हेरिएबलमधल्या पीसीचा डीएमपी जोडता येतो आणि जो जिथे बसलाय तिथेच त्याचं चलन निघतं. एलपीटी1 टाळा, सर्व्हरला खरा पोर्ट असेल तर साध्या युजरला तो वळवता येत नाही. ही ओळ लॉगिन स्क्रिप्टमध्ये टाकू नका, तेव्हा क्लायंटनेम भरलेलं असेलच असं नाही. प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या बॅच फाइलमध्ये टाका. घरून इंटरनेटवरून येणाऱ्यांना हे चालणार नाही, त्यांच्यासाठी रीडायरेक्ट केलेला प्रिंटरच.

तारखा आणि मराठी फॉन्ट

नव्या युजरला अमेरिकन तारीख मिळते आणि 3 एप्रिलचं बिल 4 मार्चला जाऊन बसतं. 12 तारखेनंतर एरर येते, त्याआधी चुपचाप चुकतं. कंट्रोल पॅनेलच्या रीजनमध्ये स्वतःचा फॉरमॅट दिवस-महिना-वर्ष करा, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबमधून तो नव्या युजर अकाउंट्ससाठी कॉपी करा. आधीच तयार झालेल्या युजरचा मात्र एकेक करून बदलावा लागतो.

जुन्या मराठी रिपोर्टांत युनिकोड नसलेले फॉन्ट असतात. सर्व्हर 2019 पासून फॉन्टवर डबल क्लिक करून इन्स्टॉल केलं तर तो त्या युजरपुरताच बसतो, बाकीच्यांच्या बिलावर इंग्रजी अक्षरांचा कचरा छापतो. राइट क्लिक करून सर्व युजरसाठी इन्स्टॉल हाच पर्याय घ्या आणि सगळ्यांना एकदा लॉगऑफ करायला लावा.

16 बिटच्या प्रोग्रॅमचा नाद सोडा. 2008 आर2 पासून सर्व्हर फक्त 64 बिटचा आहे, त्यात ते चालत नाहीत. डॉसचा फॉक्सप्रो किंवा क्लिपर असेल तर डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं व्हीडॉस लावून बघा, नाहीतर 32 बिटच्या जुन्या विंडोजचं एक वेगळं व्हर्च्युअल मशीन करा, त्याला इंटरनेट देऊ नका आणि त्याचा रोज रात्री स्वतंत्र बॅकअप घ्या.