सूक्ष्म शिसं मोजताना आधी इलेक्ट्रोडच तपासा

पीव्हीसी पटलाच्या इलेक्ट्रोडने (प्लास्टिकच्या पातळ पडद्याने शिशाचे आयन ओळखून व्होल्टेज दाखवणाऱ्या साधनाने) पाण्यातलं शिसं मोजताय आणि 10⁻⁶ मोलरच्या (मोल प्रति लिटरच्या) खाली मिलिव्होल्टचा आकडा हलतच नाही? नमुन्याला दोष देऊ नका. इलेक्ट्रोडच्या आतल्या द्रावणातलं शिसं पटलातून बाहेर पाझरतं आणि इलेक्ट्रोड तेच वाचत बसतो. आतलं मुक्त शिसं ईडीटीएने, म्हणजे धातूचे आयन घट्ट पकडून ठेवणाऱ्या रसायनाने, बांधून टाका. 1997 साली याच युक्तीने मोजता येणाऱ्या किमान प्रमाणाची मर्यादा थेट 10⁻¹² मोलरच्या घरात उतरली, मला आजही याचं नवल वाटतं! मोजणीआधी इलेक्ट्रोडची शेवटची भिजवण शिशाच्या विरल द्रावणातच करा. मोजणी विरलाकडून दाटाकडे. बीकर मात्र प्लास्टिकचाच घ्या. काचेला शिसं चिकटतं आणि तुमचा नमुना गुपचूप रिकामा होतो. 25 अंश सेल्सिअसला शिशाच्या प्रमाणातल्या दर दसपट वाढीमागे सुमारे 29.6 मिलिव्होल्ट मिळाले, तर इलेक्ट्रोड ठणठणीत आहे.