गोल्फच्या स्विंगचा शेवट: तोल राखून उभे राहण्याचा सराव कसा करावा

१० जून १९५० रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या मेरियन गोल्फ क्लबच्या मैदानावर, यूएस ओपन स्पर्धेत, अमेरिकी गोल्फपटू बेन होगनने अठराव्या होलच्या ग्रीनकडे (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीकडे) १ नंबरच्या आयर्नने (लोखंडी पात्याच्या काठीने) फटका मारला आणि हाय पेस्किन या छायाचित्रकाराने तो मागून टिपला. सोळा महिन्यांपूर्वीच्या मोटार अपघातात होगनची हाडे इतकी मोडली होती की तो पुन्हा चालेल की नाही याचीच शंका होती, आणि त्या दिवशीच्या दोन फेऱ्यांतला हा त्याचा छत्तिसावा होल होता. तरीही छायाचित्रात त्याचा भार डाव्या पायावर आहे, उजव्या बुटाचा तळ कॅमेऱ्याकडे वळलेला आहे आणि तोल जराही ढळलेला नाही. दुसऱ्या दिवशी बरोबरी सोडवण्यासाठी झालेल्या प्ले-ऑफमध्ये त्याने ती स्पर्धा जिंकली. फटक्यानंतरची शरीराची स्थिती, म्हणजे फिनिश, ज्याला समजून घ्यायचा आहे त्याने हे छायाचित्र निवांत पाहावे.

क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठीचा, आणि चेंडूचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. त्यानंतर आपण कसेही उभे राहिलो तरी चेंडूची दिशा बदलत नाही, मग शेवटाची एवढी काळजी कशासाठी, असा प्रश्न नवशिक्याला पडणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर असे की, शेवट कुठे आणि कसा करायचा हे शरीराला आधी ठाऊक असेल, तर तिथे पोहोचण्यासाठी त्याला भार वेळेवर डावीकडे न्यावा लागतो आणि कंबर पूर्ण वळवावी लागते. डाउनस्विंग, म्हणजे स्विंगचा (क्लब फिरवण्याच्या हालचालीचा) चेंडूकडे खाली येणारा भाग, अर्ध्या सेकंदाच्या आत संपतो. तेवढ्यात कोणालाही चार सूचना आठवत नाहीत, पण शेवटची एक स्थिती मात्र लक्षात ठेवता येते. म्हणूनच मी सराव शेवटापासून सुरू करण्याच्या मताचा आहे. (पुढील वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे, डावखुऱ्यांनी बाजू उलट कराव्यात.)

प्रथम क्लब न घेता, शक्य असल्यास आरशासमोर, ही स्थिती घेऊन पाहावी. जवळजवळ सगळा भार डाव्या पायाच्या टाचेवर आणि बाहेरच्या कडेवर असावा. डावा पाय सरळ असावा, मात्र गुडघा ताठ आवळलेला नसावा. उजवी टाच पूर्ण उचललेली असावी आणि बोटांची टोके जमिनीला फक्त टेकलेली असावीत. दोन्ही मांड्या एकमेकींजवळ आलेल्या असाव्यात, पट्ट्याचे बक्कल लक्ष्याकडे वळलेले असावे आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा लक्ष्याच्या जवळ असावा. हात डाव्या खांद्याच्या वर, कानाजवळ यावेत; हातात क्लब असता तर त्याची दांडी डोक्याच्या मागे आडवी गेली असती. आता उजवा पाय जमिनीवरून किंचित उचलावा. न डगमगता तीन आकडे मोजता आले, तर भार योग्य जागी आहे असे समजावे.

दुसरी पायरी उभे राहण्याची आहे. डाव्या पायाचा चवडा लक्ष्याच्या दिशेने वीस ते तीस अंश बाहेर वळवून ठेवल्यास कंबर सहज फिरते आणि डाव्या गुडघ्यावरचा पीळ कमी होतो. हा बदल अगदी लहान आहे, परंतु चाळिशीनंतर खेळ शिकणाऱ्यांना त्याचा फार उपयोग होतो.

त्यानंतर दोन्ही हात छातीवर घडी घालून, चेंडूसमोर उभे राहिल्यासारखे वाकावे, उजवीकडे वळावे आणि तिथून थेट वरील स्थितीत यावे. हे दहा-बारा वेळा झाल्यावर ८ किंवा ९ नंबरचा आयर्न घ्यावा व कंबरेपासून कंबरेपर्यंतचा अर्धा स्विंग निम्म्या वेगाने करावा. हात कंबरेपर्यंतच जाणार असले, तरी छाती लक्ष्याकडे वळलीच पाहिजे. हळूहळू स्विंग वाढवावा, पण नियम एकच ठेवावा: चेंडू जमिनीवर पडेपर्यंत शेवटची स्थिती सोडायची नाही. तोल गेला तर फटका कितीही सुरेख असला तरी तो मोजू नये. ड्रायव्हिंग रेंजवर (सरावाच्या मैदानावर) घाईघाईने शंभर चेंडू मारण्यापेक्षा असे तीस चेंडू मारणे मला अधिक मोलाचे वाटते. ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्यांचा क्लब, सर्वांत शेवटी हाती घ्यावा.

तोल कोणत्या बाजूला जातो, हे नीट पाहावे. शरीर मागे, उजव्या पायावर पडत असेल तर भार डावीकडे गेलेलाच नसतो. असे खेळणारे कधी चेंडूआधी जमिनीवर घाव घालतात, तर कधी चेंडूचा फक्त माथा खरवडतात. त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी प्लेअरचे अनुकरण करून पाहावे. तो पुष्कळदा फटक्याच्या ओघातच उजवा पाय पुढे टाकून लक्ष्याकडे चालू लागत असे. भार मागे राहिला असेल तर हे पाऊल टाकताच येत नाही. शरीर पुढे, बोटांवर झुकत असेल तर बहुधा खांदे आणि हात कंबरेच्या आधीच चेंडूवर तुटून पडलेले असतात. अशा वेळी वेग कमी करावा.

पाठीबाबत मात्र विशेष सावध राहावे. १९६० आणि १९७० च्या दशकांत जॅक निकलॉस, जॉनी मिलर यांच्यासारखे खेळाडू कंबर पुढे आणि खांदे मागे ठेवून, धनुष्यासारखे वाकून स्विंग संपवत. तो आकार दिसायला देखणा असला तरी त्याचा ताण कंबरेच्या मणक्यांवर येतो. आज बहुतेक प्रशिक्षक डोके, छाती आणि कंबर डाव्या पायावर एका उभ्या रेषेत आणायला शिकवतात. सामान्य खेळाडूने हेच करावे आणि कंबर दुखत असल्यास सराव लगेच थांबवावा.

बंकरमधला (वाळूच्या खड्ड्यातला), वाऱ्याविरुद्ध खाली ठेवलेला किंवा ग्रीनजवळचा छोटा फटका यांत हात एवढे वर येणार नाहीत. तेथेही भार डाव्या पायावर असावा आणि फटक्यानंतर स्थिर उभे राहता यावे, इतके पाहिले तरी पुरे.

आठवड्यातून एकदा मित्राला समोरून आणि मागून (लक्ष्याच्या विरुद्ध बाजूने) मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगावे. समोरच्या चित्रीकरणात भार डाव्या पायावर किती आला ते कळते आणि मागच्या चित्रीकरणात उजव्या बुटाचा तळ पूर्ण दिसतो की नाही ते तपासता येते.