बिडाचा तवा: घेताना आणि घेतल्यावर

बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा तवा दुकानात आधी कानानं पारखा. कडीला धरून अधांतरी उचला आणि टिचकी मारा. खणखणीत नाद आला तर तवा अखंड आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा असणार, घेऊ नका. बीड कडक असलं तरी ठिसूळ असतं, त्यात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो. म्हणून तापलेल्या तव्यावर गार पाणी कधीही ओतू नका. वरून बारीक खरखर लागली तर चालते, खड्डे मात्र नकोत.

घरी आणल्यावर साबणानं घासा आणि गॅसवर खडखडीत वाळवा. मग तेलाचे चार थेंब पाठीपोटाला चोळा आणि कोरड्या फडक्यानं असे पुसून काढा की तेल लावलंच नव्हतं असं वाटावं. बहुतेकांचं इथेच चुकतं, जाड थर राहिला की तवा चिकट होतो. धूर येईस्तोवर तापवा, आपोआप गार होऊ द्या. असं चार-पाच वेळा केलं की तेलाचा काळा, कडक थर धरतो.

लगेच घावन घालायची घाई नको. आधी आठवडाभर कांदा परता, थालीपीठ लावा. घावनांना तेल फिरवायला अर्धा कांदा किंवा नारळाची शेंडी घ्या, कोकणातली ही रीत खरंच उत्तम. चिंच, आमसूल, टोमॅटो यात शिजवू नका, आंबटानं थर सुटतो.

गंज चढला तरी तवा टाकू नका. काथ्यानं घासा, वाळवा, पुन्हा तेल द्या.