लेखकाच्या जागी नुसता आकडा दिसत होता: डी-टू-आर-क्यू मॅपिंगची दुरुस्ती

ठाण्यातल्या एका ग्रंथालयाची मायएसक्यूएल डेटाबेसमधली यादी डी-टू-आर सर्व्हरवर चढवली. हा सर्व्हर डी-टू-आर-क्यू भाषेतली मॅपिंग फाइल वाचून टेबलांतल्या नोंदी एकमेकींना जोडलेल्या वेब-पानांसारख्या दाखवतो. 2020 पोर्टवर पुस्तकाचं पान उघडायचं, पण लेखकाच्या जागी नुसतं 214. त्यावर क्लिक करून कुठेच जाता येत नव्हतं.

दोष सर्व्हरचा नाही. टेबलं जुन्या मायआयसॅम इंजिनवर होती, आणि ते इंजिन फॉरेन की, म्हणजे एका टेबलातला क्रमांक दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी बांधणारा नियम, मुकाट्याने गिळून टाकतं. मॅपिंग फाइल आपोआप बनवणाऱ्या जनरेट-मॅपिंग या साधनाला नातं दिसलंच नाही, म्हणून त्याने लेखक-क्रमांकाचा कॉलम साधा आकडा धरला. टेबलं इनोडीबीवर नेऊन की जोडता आली असती, पण अनाथ क्रमांक (ज्यांचा लेखकच टेबलात नाही) निघाले की ते काम अडतं. त्यापेक्षा मॅपिंग फाइल हाताने सुधारणं सोपं.

मॅपिंग फाइलमध्ये क्लास मॅप एका प्रकारच्या नोंदी ठरवतो, तर प्रॉपर्टी ब्रिज त्यांचा एकेक गुणधर्म. पुस्तकाच्या लेखक-क्रमांकाच्या प्रॉपर्टी ब्रिजमधली 'कॉलम' ही ओळ काढली. तिच्या जागी दोन ओळी घातल्या: 'रेफर्स-टू-क्लास-मॅप'मध्ये लेखकाचा क्लास मॅप, आणि 'जॉइन'मध्ये पुस्तकाचा लेखक-क्रमांक बरोबर लेखकाचा आयडी. प्रॉपर्टी डब्लिन कोअर या प्रमाण शब्दसंचातली 'क्रिएटर' ठेवली. लेखकाला आरडीएफएस लेबल (दाखवायचं नाव) दिलं की दुव्यावर नाव येतं. ते विसरलं तर लांबलचक वेब-पत्ताच वाचावा लागतो.

पुस्तक-विषय टेबलाची तऱ्हा वेगळी. दोन कींखेरीज त्यात स्वतःचा आयडी कॉलमही होता, त्यामुळे की जाहीर केल्या असत्या तरी ते जोड-टेबल (फक्त दोन टेबलं जोडणारं) न ठरता वेगळा क्लासच झालं असतं. तो क्लास उडवून एकाच ब्रिजमध्ये दोन 'जॉइन' लिहिले.

मराठी नावांची प्रश्नचिन्हं झाली तर मॅपिंग फाइलमधल्या जेडीबीसी पत्त्यात (डेटाबेसशी जोडणीचा पत्ता) यूटीएफ-8 ही अक्षर-सांकेतिक पद्धत घाला. यादी 50 नोंदींवर थांबली तर डेटा हरवलेला नसतो, ती सर्व्हरची मूळ मर्यादा आहे.