‘मिसळ कोणाची?’ हा प्रश्न बंद करायचा असेल तर

ताटं घेऊन आलेला पोऱ्या टेबलापाशी उभा राहून ‘मिसळ कोणाची?’ विचारतो, तेव्हा चूक ऑर्डर घेतानाच झालेली असते. त्यावर उपाय खुर्च्यांना नंबर देण्याचा. प्रत्येक टेबलाची गल्ल्याच्या सर्वांत जवळची खुर्ची १ नंबर, तिथून पुढे घड्याळाच्या काट्याप्रमाणे. गल्ला दिसत नसेल तर दरवाजा धरा, पण सगळ्या हॉलला खूण एकच हवी. केओटीवर, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, पदार्थाआधी खुर्चीचा नंबर लिहायचा: ‘३ – मिसळ, कट वेगळा’. ‘कांदा-लसूण नको’ वगैरे सूचना त्याच ओळीत हवी. तळाशी लिहिली की आचाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटते. मग पूर्ण ऑर्डर गिऱ्हाइकाला वाचून दाखवायची. घाईत नेमकं हेच गाळलं जातं.

सराव दुपारी ३ ते ५ च्या मंदीत घ्या. चार सहकाऱ्यांना टेबलावर बसवा, त्यातल्या एकाला मध्येच ऑर्डर बदलायला सांगा. ताटं मात्र दुसऱ्याच पोऱ्याकडून लावून घ्या. त्याला काही विचारावं लागलं, तर केओटी कच्ची. शिकाऊ पोराला आठवडाभर दोनच टेबलं द्या, आणि शनिवार-रविवारी एकही नको.