काळ्या पिल्लाचा फोटो

मिरी, आमचं कुत्र्याचं काळं पिल्लू, आमच्याकडे आली ती जुलैत. लालबागला आमच्या चाळीच्या जिन्याखाली ओल्या पोत्यावर कुडकुडत बसली होती. डॉक्टर म्हणाले, दीड महिन्याची असेल. त्या दिवशी मी तिचे पन्नासेक फोटो काढले. प्रत्येकात पांढऱ्या लादीवर एक काळा गोळा. डोळे कुठले, नाक कुठलं, काही कळेना. काळं पिल्लू आणलेल्या अनेकांचं असंच होतं आणि मग ते महागडा फोन घ्यायला निघतात. फोन बदलू नका, आधी जागा बदला.

पांढऱ्या लादीने चौकट भरली की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो सगळंच काळोखं करतो. बिचारं पिल्लू त्यात बुडतं. त्याच्याखाली मळखाऊ रंगाची सतरंजी किंवा जुनी गोधडी घाला. मग स्क्रीनवर त्याच्या तोंडावर बोट टेकवून धरा, म्हणजे फोकस तिथे पक्का होतो, आणि उजेड कमी-जास्त करायची खूण वर-खाली सरकवा. केस वेगवेगळे दिसायला लागले की थांबा. उलट अगदी जवळून, पिल्लानेच चौकट भरली असेल, तर कॅमेरा काळ्याचा राखाडी करतो. तेव्हा उजेड थोडा खाली आणायचा.

पण खरी गंमत डोळ्यांत आहे. काळ्या तोंडावर काळे डोळे. त्यांत उजेडाचा ठिपका नसेल तर फोटो मेलेला. तो ठिपका दाराचा किंवा खिडकीचा असतो. आमची एकच खोली, उजेड फक्त गॅलरीच्या दारातून. मी मिरीला उंबरठ्यापासून दोनेक हात आत बसवते, तोंड दाराकडे, आणि मी दाराच्या एका बाजूला जमिनीवर पालथी पडते. दाराच्या मधोमध नाही, नाहीतर आपलीच सावली तिच्यावर. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीला हवा. उभ्याने काढला की डोकं मोठं आणि पाय चिमुकले. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ यासाठी फारच छान, सावल्या मऊ पडतात. दमट हवेत लेन्सवर वाफ धरते, तेवढी सुती फडक्याने पुसून घ्या. फोन नाकाला टेकवूही नका, नाक भोपळ्याएवढं येतं. जरा मागे सरकून दुप्पट झूम करा.

फ्लॅश बंद. पिल्लू दचकतं, डोळे भलतेच चमकतात. रात्री ट्यूबखाली धावपळीचे फोटो काढू नका: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि शटर, म्हणजे कॅमेऱ्याची झापड, फार झटकन उघडून मिटली की फोटोत पट्टे येतात. खेळतानाचे फोटो दिवसाच, शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या आसपास, आणि बटण दाबून ठेवून एकामागोमाग दहा-बारा. त्यांतला एक चालतो.

वेळ मात्र पिल्लाची. ते दिवसाचे १८ ते २० तास झोपतं. उठलं की आधी सू करवून आणा, मग दहा मिनिटं खेळू द्या, आणि ते धापा टाकत बसलं की काढा. मान तिरकी करायला मी डब्याचं झाकण एकदाच वाजवते. तिसऱ्यांदा वाजवलं तर ती बघतसुद्धा नाही. बक्षीस म्हणून उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. चॉकलेट किंवा द्राक्षं कधीच नाहीत, ती कुत्र्यांना विषारी असतात. जांभया द्यायला, ओठ चाटायला, तोंड फिरवायला लागलं तर फोन ठेवून द्या, ते कंटाळलंय.

लसी पूर्ण व्हायच्या आधी हिरवळीवरच्या फोटोसाठी शिवाजी पार्कला नेऊन खाली सोडू नका. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. गणपतीत आमच्या गल्लीतली रोषणाई बघून मलाही मोह झाला होता. ढोल सुरू झाले आणि मिरी पलंगाखाली शिरली ती रात्रभर बाहेर आली नाही. त्या रोषणाईतला तिचा फोटो नाही, आणि मला तो नकोच आहे.

एक मात्र न चुकता करा. दर रविवारी त्याच जागी, त्याच वस्तूशेजारी एक फोटो. आमची पितळी कळशी आहे. जुलैत मिरी तिच्या पोटाशी यायची, आता ती कळशीच्या तोंडात नाक घालते.