गिटारला स्ट्रॅप लॉक लावताय? आधी स्क्रूचं भोक बघा

गणपतीत बेळगावात स्टेजवर वाजवणाऱ्या पोरांनो, इलेक्ट्रिक गिटार साध्या बटणावर (गिटारला स्क्रूनं बसवलेली, पट्टा अडकवायची खुंटी) लटकवून नाचू नका, पट्टा सुटला की गिटार पडते आणि हेडस्टॉकच (तारा ताणायच्या खुंट्या असलेलं टोक) मोडतो बघा. स्ट्रॅप लॉक, म्हणजे पट्टा गिटारला पक्का अडकवणारे लॉक घ्या, शालर कंपनीचे किंवा डनलॉपचे, कुठलेही चालतील, पण लॉकसोबत आलेला स्क्रू जुन्या भोकाला बसतोच असं नाही, तो आधी जुन्या स्क्रूशेजारी धरून जाडी-लांबी बघायची. नवा जाड असेल तर जबरदस्तीनं पिळू नका, लाकूड चिरतं, भोक थोडं मोठं करा आणि स्क्रूला मेण किंवा साबण चोळा. भोक ढिलं असेल तर गुल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठासून भरायच्या, रात्रभर वाळू द्यायचं (आपल्याकडच्या पावसाळ्यात अजून एक दिवस जाऊ दे की), मग वरचं कापून बारीक भोक पाडून स्क्रू हातानंच आवळा, ड्रिल मशीननं नको. शालरच्या लॉकचा यू आकाराचा भाग पट्ट्यावर असतो, त्याची उघडी बाजू खाली ठेवू नका, वर पाहिजे, म्हणजे तो बटणाला अडकवणारी पिन चुकून निघाली तरी गिटार लटकून राहते. पट्ट्यावरचा नट मात्र हळूहळू ढिला होतो, प्रत्येक कार्यक्रमाआधी बोटानं तपासाच.